पलटी झालेला ट्रक, पळवलेले क्रेट आणि ‘माणूस मुळातच नीच’

माणदेशी
काल इथे कोणीतरी हायवेचा व्हिडिओ टाकला. बिअरची गाडी पलटी झालीय, लोक खोकी डोक्यावर घेऊन पळतायत आणि ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला. वर लिहिलंय, ‘माणूस मुळातच नीच. पोलीस आणि कॅमेरे काढून घ्या, दोन तासांत सगळे लांडगे होतील.’ त्याला शेकडो अंगठे. माझ्या डोक्यात तिडीक गेली, म्हणून सविस्तर लिहितोय.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकल बंद, फोन बंद, वीज नाही, पोलीस स्वतःच छातीभर पाण्यात. पोस्ट टाकणाऱ्याला हवी तशीच परिस्थिती. तेव्हा लांडगे कुठे होते? लोकांनी दोर बांधून अनोळखी माणसं रस्त्यापलीकडे नेली. चाळींतून चहा-बिस्किटं खाली आली. माझी मावशी कुर्ल्याला एका मुसलमान घरात रात्रभर राहिली. त्या घरच्या सुनेने तिला स्वतःचे कोरडे कपडे दिले आणि पलंगावर झोपवलं. घरातले पुरुष रात्रभर जिन्यात बसून होते.

आणि आमच्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानच्या काळातली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने उभी राहिलेली खुली वसाहत. तिच्यावरचा ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, जागा फार थोड्यांनी. भिंत नाही. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. माणूस मुळात नीच असता तर पहिल्याच रात्री वसाहत रिकामी झाली असती.

टोलनाका
२६ जुलै सांगता, मग किल्लारीचा भूकंपही सांगा. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझे वडील एसटीत होते, मदतीच्या गाडीवर गेले. सास्तूरकडच्या रस्त्यावर गाडी पुढे सरकेना, कारण बघ्यांच्या जीपा. लोक जत्रेला आल्यासारखे बायकोला घेऊन आलेले. ढिगाऱ्यातून एक बाई काढली, तिच्या हातात पाटल्या नव्हत्या आणि मनगटाची कातडी सोललेली होती. वडील परत आले ते महिनाभर धड जेवले नाहीत.

स्वतंत्रपूरचं तर सोडाच. इतर तुरुंगांत वर्षानुवर्षं नीट वागलेले कैदीच निवडून तिथे पाठवतात. बायको-मुलं सोबत, शिक्षेत सूट. एवढं असताना कोण पळेल? निवडलेल्या मूठभर लोकांवरून अख्ख्या माणूसजातीला प्रमाणपत्र देऊ नका.

माणदेशी
निवडून पाठवतात, मान्य. पण निवडतात ते खून केलेल्यांतूनच ना? मुळात नीच असलेल्यांत नीट वागणारे सापडले कसे? आणि किल्लारीत पाटल्या काढणारे किती आणि दिवसेंदिवस प्रेतं उचलणारे जवान आणि कॉलेजची पोरं किती? तुमचे वडील कुठल्या बाजूला होते?

टोलनाका
माझ्या वडिलांना मध्ये आणायचं काम नाही.

खालचं_कोर्ट
दोघांचंही मुद्द्याला धरून नाही. रस्त्यावर लोक मदत करत नाहीत त्याचं कारण भीती आहे, नीचपणा नाही. पोलीस, साक्ष, तारखा. पण आता ती भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ला शिक्कामोर्तब केलं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. तुम्हाला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर.

टोलनाका
मॅडम, कोर्टाच्या आवारातून जरा बाहेर या. माझ्या भावाने गेल्या वर्षी एका पोराला हॉस्पिटलात नेलं. आधी ‘डिपॉझिट कोण भरणार’, मग ‘तुम्हीच उडवलं का’. पहाटेपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. कलमाचं नाव काढलं तर हवालदार म्हणाला, ‘मला कायदा शिकवतो का?’ पुन्हा थांबणार नाही म्हणतो भाऊ. म्हणून तो वाईट झाला का?

रातराणी
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. माणूस आणणाऱ्याला आम्ही त्रास देतो असं सरसकट लिहू नका. अपघाताची केस म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावंच लागतं. पण आणणाऱ्याला थांबवून घ्यायची गरज नसते, आम्ही थांबवतही नाही. तरी लोक गेटवरच ठेवून पळतात. परवा एका रिक्षावाल्याने पेशंट स्ट्रेचरवर टाकला आणि मागे न बघता गेला. सीटवर किती रक्त सांडलं होतं ते मी पाहिलंय. रात्रीचा धंदा बुडवून तो आला होता. त्याला पाणीही विचारता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

टोलनाका
तुमचं हॉस्पिटल चांगलं असेल. सगळी तशी नसतात.

खालचं_कोर्ट
मग तक्रार करा. तक्रार करायची नाही आणि कायदा कागदावर आहे म्हणून रडायचं, या वृत्तीचा मला मनापासून संताप येतो. कलम वापरलं नाही तर ते कागदावरच राहणार.

टोलनाका
तक्रार करायला एक दिवसाची मजुरी बुडते. ती कोण देणार? विषयावर येतो. मिलग्रामचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या व्होल्टचा शॉक द्यायचा; शॉक खोटे होते, पण देणाऱ्यांना खरे वाटत होते. चाळीस साधी माणसं, त्यांपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेली. कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं.

माणदेशी
पूर्ण सांगा. ती माणसं घामाघूम होती, थांबूया म्हणत होती आणि प्रयोग घेणारा कोटवाला शेजारी बसून ‘चालू ठेवा’ म्हणत होता. मुळातच नीच असणाऱ्याला दुसऱ्याने रेटावं लागत नाही.

चौदाचाकी
तुमच्या पोस्टा वाचल्या. मी ड्रायव्हर आहे. माझी गाडी पलटी झाली तेव्हा मागे टोमॅटो होते, नारायणगावहून भरलेले. खंबाटकीच्या अलीकडे पहाटे डुलकी लागली. पाय क्लचखाली अडकला, केबिन आडवी. आधी क्रेट ओढल्याचा आवाज आला, मग माणसांचा. कोणी हाक मारली नाही. मी ओरडत होतो.

मग एकाने पहार घालून दार उचकटलं. काच त्याच्या हातात घुसली तरी सोडलं नाही. मला ओढून काढलं आणि स्वतःच्या टॉवेलने माझी मांडी आवळली. १०८ येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याच्या मोटारसायकलला मागे दोन क्रेट बांधलेले होते, माझ्याच गाडीतले. दार उघडायच्या आधीच बांधलेले. मी ते बघितले आणि मी बघितल्याचं त्यालाही कळलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

मालकाने मालाचे पैसे माझ्या पगारातून कापले. डुलकी लागली तेव्हा सलग सोळा तास गाडीवर होतो, त्याच्याच सांगण्यावरून. माझा राग मालकावर आहे, क्रेटवाल्यावर नाही.

टोलनाका
दादा, पाय बरा आहे ना आता? वाचून कसंसंच झालं. पण माफ करा, हे माझंच म्हणणं आहे. आधी क्रेट, मग माणूस. तुम्ही आत ओरडत असताना तो दोरी बांधत होता. मूळ काय ते यातच आलं.

माणदेशी
अजिबात नाही! क्रेट बांधून झाले होते, अंधार होता, किक मारून गेला असता तर कोणाला कळलं असतं? हात फाडून घ्यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. टोमॅटो बघून हावरटपणा सुटला तो घटकेचा. मूळ हे की ओरडणं ऐकून त्याला निघून जाता आलं नाही.

टोलनाका
आणि बाकीचे? पाचपन्नास जण असतील. त्यांना जाता आलंच की. एकाने दार उघडलं, तेवढं मी मानतो. त्या एकापुरतंच. बाकीच्यांचा हिशोब तुम्ही देत नाही.

रातराणी
बाकीच्यांत निम्मे तरी भेदरलेले असतात. डिझेल सांडलंय, पेट घेईल, ही भीती असते. आमच्याकडे येऊन सांगतात, ‘सिस्टर, पाय हललाच नाही.’

टोलनाका
क्रेट उचलायला हलला.

खालचं_कोर्ट
चौदाचाकी, तुमच्या मालकाबद्दल. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी कायद्याने दिवसाला आठ तास धरलेत. तुमचा हलगर्जीपणा दाखवल्याशिवाय आणि तुम्हाला बाजू मांडू दिल्याशिवाय मालाचं नुकसान पगारातून कापता येत नाही. सोळा तास चालवायला लावून आलेल्या डुलकीला हलगर्जीपणा कसा म्हणतो ते बघू. बिल्टी म्हणजे मालाची पावती, पगाराच्या नोंदी आणि पंचनाम्याची प्रत काढून ठेवा आणि मला निरोप टाका. फी नको. मालाचा विमा होता का तेही विचारून घ्या. विम्याचे पैसे घेऊन वर तुमचे कापले असतील तर मी सोडणार नाही.

चौदाचाकी
बिल्टी आहे. पंचनाम्याची प्रत चौकीतून आणावी लागेल. ते देतील का?

टोलनाका
सहज देणार नाहीत. कुठली चौकी ते सांगा. माझा भाऊ त्याच भागात असतो, तो सोबत येईल.