एडिनबरा स्कोअर ठीक, पण बाळंतपणाचा विषय निघाला की गप्प. पीटीएसडी (आघातानंतरचा ताण विकार) कसा ओळखायचा?

प्रसूतीवॉर्ड_सिस्टर

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या तपासणीत नैराश्य शोधणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीचा स्कोअर ३० पैकी ७-८ येतो आणि कागद पुढे सरकतो. पण काही बायकांचं वेगळंच चाललेलं असतं. बाळ झोपलं तरी यांचा डोळा लागत नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघतात. बाळंतपणाबद्दल विचारलं तर "झालं ना, बाळ बरं आहे" एवढंच उत्तर. हे किती दिवस टिकलं तर पीटीएसडी धरायचा? आणि तिला त्रास न होता विचारायचं कसं?

मनोविकार_ओपीडी

सिस्टर, एडिनबरा १९८७ साली नैराश्यासाठी तयार झाली. १० प्रश्न, सगळे गेल्या ७ दिवसांच्या मनःस्थितीचे. प्रसूतीबद्दल त्यात एक शब्द नाही, त्यामुळे पीटीएसडी तिच्यातून सहज निसटतो. मात्र १० व्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर एकूण स्कोअर न बघता त्याच दिवशी बोला.

निदानासाठी चार गोष्टी बघायच्या. नको असताना तो प्रसंग डोळ्यासमोर किंवा स्वप्नात येणं. त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं. "माझंच चुकलं", "माझं शरीर कामाचं नाही" असे विचार किंवा मन बधिर होणं. आणि सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं, झोप उडणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं तर पीटीएसडी. ३ दिवस ते १ महिना या काळात त्याला तीव्र ताण विकार म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आधार मिळाला की सावरतात. सिटी बर्थ ट्रॉमा स्केल ही २९ प्रश्नांची प्रश्नावली खास प्रसूतीच्या आघातासाठीच आहे, ती वापरा.

सर्वात जास्त फसवतं ते टाळणं. गप्प बाई "सावरली" म्हणून नोंदली जाते. बाळाच्या लसीची तारीख चुकली की तिला निष्काळजी ठरवतात. खरं तर ती त्या इमारतीत पाऊल टाकू शकत नसते. केसपेपरवरचं "नॉर्मल डिलिव्हरी" वाचूनही निश्चिंत होऊ नका. भूल लागायच्या आत टाके घातले, बाळ रडलं नाही आणि कोणी काही सांगितलंच नाही, एवढंही पुरतं. तिला त्या क्षणी काय वाटलं, त्यावर ठरतं. साधारण १०० बाळंतिणींत ३-४ जणींना हा त्रास होतो. तातडीचं सिझेरियन, गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब), बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात), पूर्वीचा लैंगिक अत्याचार अशा गटांत हे प्रमाण १५ च्या वर जातं.

विचारताना सोबतच्यांना बाहेर बसवा. ती तपासणीच्या टेबलावर नको, खुर्चीत बसलेली असू दे. "काय झालं ते सांगा" असं म्हणू नका. "त्या दिवसातलं काही नको असताना समोर येतं का? आठवण येऊ नये म्हणून काही टाळता का?" एवढं विचारा. हकिगत नको, परिणाम हवा.

थकवा, चिडचिड त्यामुळेही असू शकते, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. भास, टोकाचा संशय, झोप न मिळताही अंगात प्रचंड उत्साह असं दिसलं तर ती प्रसूतीनंतरची सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मनोविकार) असू शकते. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होते. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

समुपदेशक_आई_बाळ

वरच्याला एक जोड. चांगल्या हेतूने एकच चूक वारंवार होते: वॉर्डातच बसवून एकदा सगळं बोलायला लावायचं, मन मोकळं होईल म्हणून. आघात पुन्हा जगायला लावणारी अशी एकच बैठक देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगते. उपचार म्हणजे आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची बोलून केलेली थेरपी), साधारण ८ ते १२ बैठका, किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी). दोन्ही गरोदरपणातही करता येतात. केसपेपर समोर ठेवून कोणत्या वेळी काय आणि का केलं हे तिच्या विनंतीवरून समजावणं वेगळं. त्याने आठवणीतल्या रिकाम्या जागा भरतात, पण तो उपचार नव्हे.

तोवर रात्री सलग ४-५ तास झोप मिळेल अशी सोय करा, एक पाजणं दुसऱ्या कोणाकडे द्या. औषध लागलं तर सर्ट्रालिन हे नैराश्यविरोधी औषध दुधात फार कमी उतरतं. डायझेपामसारख्या गुंगीच्या गोळ्या पीटीएसडीवर उपाय नाहीत. आणि भीतीत ऑक्सिटोसिन (दूध बाहेर आणणारं संप्रेरक) अडतं, पान्हा फुटत नाही. तेव्हा लगेच "दूध कमी आहे" म्हणू नका.

प्रसूतीवॉर्ड_सिस्टर

नीट समजलं. अशी बाई पुन्हा गरोदर आली तर? आतून तपासणी तर टाळता येत नाही.

लेबररूम_डॉक्टर

कमी करता येते. कळा नियमित चालू असताना दर ४ तासांनी एक पुरते, आणि ती शक्यतो एकाच व्यक्तीने करावी. शिकाऊंना त्या खोलीत पाठवू नका. आधी विचारा, "हो" येईपर्यंत थांबा. तिने हात वर केला की बोटं लगेच बाहेर. हा संकेत ठरवला असेल तर तो प्रत्येक वेळी पाळलाच पाहिजे, एकदा मोडला की संपलं. पाय अडकवून उताणं झोपवण्याऐवजी कुशीवर तपासता येतं. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून बघायचं उपकरण) तिला स्वतः आत सरकवू द्या.

नेमकं कशाने बिनसतं ते सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: रबरी हातमोजा ओढतानाचा चट् आवाज, ट्रेमध्ये आपटणारी हत्यारं, पायांशी जमलेली माणसं. मागच्या वेळी भूल चढली नसेल तर भूलतज्ज्ञांशी आधीच भेट घडवा.

कळांमध्ये बाई एकदम शांत झाली, नजर छतावर खिळली, हाक ऐकू येईना, तर तिला "सहकार्य करणारी पेशंट" समजू नका. ती तिथून मनाने निघून गेलेली असते. हात थांबवा, नावाने हाक मारा, आजची तारीख सांगा, तळपाय गादीवर दाबायला सांगा. घाईची वेळ आली तर एकाने फक्त तिच्या उशाशी उभं राहून काय चाललंय ते बोलत राहायचं, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी तिला भेटायला गेला पाहिजे.