मदत हवी आहे: नवा बॉल पायथन खात नाही

आम्ही डॅलसला राहतो. लेकीसाठी बॉल पायथनचं पिल्लू आणलंय. वजन साधारण १८० ग्रॅम. (आपल्याकडचा अजगर नव्हे, हा पश्चिम आफ्रिकेतला, इथे पाळायला कायद्याची अडचण नाही.) घरी आल्यापासून त्याने काहीच खाल्लेलं नाही.

टाकीत उबदार बाजूला ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २६, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. हीटर थर्मोस्टॅटवर आहे. दोन्हीकडे अंग जेमतेम मावेल अशा लपायच्या जागा, तीन बाजूंना काळा कागद. पहिला आठवडा कुणी हात लावला नाही. लेकीला आवरणं हेच अवघड काम होतं! कात टाकायची चिन्हं नाहीत, तोंडात फेस नाही, श्वासाचा आवाज नाही, वजनही टिकून आहे.

विकणाऱ्याकडे तो जिवंत माऊस (छोटा उंदीर) खायचा. मी फ्रोझन रॅटचं (मोठ्या जातीच्या उंदराचं) पिल्लू वितळवून, कोमट करून, रात्री चिमट्याने पुढे धरते. तो जीभ काढून हुंगतो आणि मागे सरकतो. रात्रभर ठेवलं तरी सकाळी तसंच. जिवंत उंदीर द्यायचा नाही, चावून सापालाच जखमा करतात.

आता आधी फ्रोझन माऊसवर आणून मग रॅटकडे वळवू, की रॅटलाच माऊसचा वास लावू? आणि दोन प्रयत्नांत किती दिवसांचं अंतर ठेवू?