नेक्स्टक्लाउड: २० तारखेची लिंक २० ला सकाळीच बंद

रावपुरा_अकाउंट्स:
बडोद्यात आमचं अकाउंटिंगचं ऑफिस, नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवून लिंकने वाटायचं सॉफ्टवेअर) स्वतःच्याच सर्व्हरवर. महिन्याच्या जीएसटीआर-३बीसाठी (जीएसटीचं विवरणपत्र) पार्ट्यांना फोल्डरची लिंक देतो. भरायची शेवटची तारीख २०, म्हणून एक्स्पायरीही २०. पण २० ला सकाळी दहाला लिंक बंद! शिवाय अ‍ॅडमिनमधून ७ दिवसांची मर्यादा सक्तीची केली, तरी जुन्या लिंका बिनतारखेच्या चालूच. क्रॉन (सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) नीट चालत नसेल का?

सर्व्हरवाला:
क्रॉनला सोडा. लिंक उघडताक्षणी तारीख तपासली जाते. क्रॉन फक्त मेलेल्या नोंदी झाडतो.

डेटाबेसमध्ये शेअरच्या टेबलात एक्स्पायरेशनचा रकाना बघा, २० पुढे बहुतेक ००:००:०० दिसेल. म्हणजे २० लागली की लिंक संपली. पूर्ण २० हवी तर २१ टाका. आणि इथेच तुमची ७ दिवसांची सक्ती आडवी येते: १३ ला बनवलेल्या लिंकला २० च्या पुढची तारीख घेणारच नाही. मर्यादा ८ करा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जात असेल तर ते ००:०० आपल्याकडे पहाटे साडेपाचला वाजतात. उद्याची तारीख घालून एक लिंक करा आणि रात्री सव्वाबाराला इनकॉग्निटोत उघडा. उघडली तर यूटीसी.

फतेहगंज_आयटी:
जुन्या लिंकांचं: सक्ती लिंक बनवताना किंवा बदलताना तपासतात, आधीच्या नोंदींना ती शिवत नाही. त्याच टेबलात शेअर टाइप ३ (म्हणजे लिंकने केलेलं शेअर) आणि एक्स्पायरेशन रिकामं अशा ओळी काढा, की यादी हातात. तारखा मात्र ज्याची लिंक त्याच्या लॉगिनमधून घाला. टेबलात थेट लिहिणं बॅकअपशिवाय नकोच.

रावपुरा_अकाउंट्स:
संपलेल्या लिंकची तारीख नंतर वाढवता येते का? पार्टीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जुनीच असते.

फतेहगंज_आयटी:
नाही. नोंदच पुसली जाते, नवी लिंक नव्या टोकनची (पत्त्यातला कोड), म्हणजे जुना पत्ता चालत नाही. वाढवायची तर आदल्या दिवशीच. आणि पार्टीने फाइल उतरवून घेतली असेल तर तिथे एक्स्पायरीचं काही चालत नाही. पॅनची प्रत वगैरे असल्या फोल्डरला पासवर्डही लावा, तो वेगळा फोनवर सांगा.