घरची दुखणी पोस्टवर कळवायची की नाहीत?

खानापूरची सून

मागच्या जुलैत, रोप लावणीच्या ऐन धांदलीत सासरे गोठ्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांच्या टेम्पोत गादी टाकून बेळगावला नेलं, ऑपरेशन झालं, अकरा दिवस दवाखान्यात काढले. नवरा फौजेत, तेव्हा वर पोस्टवर, म्हणजे डोंगरातल्या चौकीवर. (कुठं ते लिहीत नाही. तुम्हीही आपापल्या माणसांचं लिहू नका.) तिथं टॉवर नाही, चार दिवसांनी खाली उतरला की फोन.

पहिला फोन यायच्या आधीच सासूबाईंनी दम दिला होता, "त्याला सांगशील तर बघ. हातात बंदूक हाय त्याच्या." मी सांगितलं, बाबा रानात गेलेत. दुसऱ्या फोनला सांगितलं, झोपलेत. तिसऱ्याला काही सुचेना, म्हटलं देवळात भजनाला बसलेत. आमचे सासरे जन्मात कधी भजनाला बसलेले नाहीत. "बाबा? भजनाला?" एवढंच म्हणाला. लाइन चालू होती, तिकडून नुसता वाऱ्याचा आवाज. मग विचारलं, "आणि काय काय लपवलंयस?"

तो रजेवर येऊन गेला, सासरे आता काठी घेऊन परड्यापर्यंत जातात. झालं गेलं. पण तेव्हापासून दर फोनला तो एकेकाला लाइनवर बोलावतो, हजेरी घेतल्यासारखा. मी "सगळं बरं आहे" म्हटलं की त्याला खरं वाटत नाही, आणि खरंच बरं असतं हो!

माझं मत असं झालंय की सांगावं. ज्या त्या वेळी, जेवढं आहे तेवढं. घरात कुणाला पटत नाही. आपल्याकडं गल्लीगणिक एखादा मिलिट्रीवाला आहे, म्हणून इथं विचारते.

माजी हवालदार

२४ वर्षं नोकरी करून पेन्शनला आलो. ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत.

मराठा रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्या घरात आज्ज्यापासून फौज. शंभर वर्षं आमच्या बायका हेच करत आल्यात, आणि ते अडाणीपणानं नव्हे. आमच्या कंपनीत एकाला घरून पत्र आलं, धाकट्या भावानं बांध सरकवला म्हणून. बांध! माणूस नव्हे. तो आठ दिवस जेवला नाही धड. रायफल साफ करताना चेंबर बघायचा विसरला, गोळी छपरातून गेली. शेजारी मी बसलो होतो, हातात चहाचा मग. छपराचा पत्रा मग मलाच बदलायला लावला, त्याला शिक्षा झाली ती वेगळी. बांध तिकडं होता तसाच राहिला.

माझा नियम साधा आहे. ज्यात तो तिथून काही करू शकतो तेवढंच सांगायचं. मोडलेलं हाड तो फोनवर जोडणार आहे काय?

आणि खोट्याचं म्हणाल तर ते दोन्हीकडून चालायचं. आमच्या वेळी "मदर सिरियस, कम सून" अशी तार यायची. बऱ्याच खोट्या, सुगीला नाहीतर बहिणीच्या लग्नाला रजा मिळावी म्हणून घरच्यांनी केलेल्या. मग खरी तार आली तरी साहेब आधी डोळे बारीक करायचे. २०१३ ला तारच बंद झाली ते बरं झालं.

खानापूरची सून

काका, हाड जोडू शकत नाही हे त्यालाही कळतं. पण वडील त्याचे आहेत, माझे नव्हेत. त्यांच्या बातमीवर कुलूप लावणारी मी कोण?

उचगाव साइड

काकांच्या नियमानं आमच्या घरात काय झालं ते लिहितो. (आमच्याकडं बायकाही "लिहितो"च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

सासरे गेले, जानेवारी महिना. नवरा बर्फात. खाली यायचा रस्ताच बंद, हेलिकॉप्टर हवामान बघून. म्हणजे मातीला पोहोचणं शक्यच नव्हतं. मोठ्या दिरांनी ठरवलं, दिवस झाल्यावर सांगू. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तो रडला नाही, ओरडलाही नाही. तारीख विचारली. मग म्हणाला, "त्या दिवशी आमच्याकडं लंगरात (फौजेच्या मेसमध्ये) पुरी होती. मी सहा खाल्ल्या, दुपारी व्हॉलीबॉल खेळलो." ह्याला आता सहा वर्षं झाली. घरात पुरी केली की अजून तो ताटावरून उठतो, काही बोलत नाही. दिरांशी बोलतो, पण कामापुरतं. यायला मिळालं नसतंच, हे त्यालाही मान्य आहे. पण एक दिवस उपाशी राहायला, डोक्यावरचे केस काढायला मिळाले असते की!

कडोलीचा धाकटा

मी दीर ह्या नात्यानं लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून.

सगळे फौजीच्या मनाचं बोलताहेत. घरी जो राहतो त्याचं काय? बाबांना खांद्यावरून दवाखान्यात मी नेलं, रक्त मी दिलं, रताळी काढायची तशीच राहिली ती माझी. आणि दादाला कळवलं की काय होतं? तो तिथून हुकूम सोडतो. "ह्या डॉक्टरला दाखव, त्या दवाखान्यात ने, मित्राला विचारलंय मी." दिवसाला पाच फोन, टॉवर मिळेल तेव्हा. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहून त्याला समजावत बसू की आत जाऊन सही करू? न सांगण्यात प्रेमच असतं असं नाही, कधी कधी नुसती सोय असते. आणि ती सोय लागते.

कॅम्पातली खोली

धाकट्या दिरांनी पहिल्यांदा खरं लिहिलं. सोय!

पण मूळ दुखणं वेगळंच आहे, ते कुणी लिहीत नाही. फोन कुणाच्या हातात असतो? आमच्या घरी फोन आला की स्पीकर. आधी सासूबाई, मग सासरे, मग दीर, मग पोरं "पप्पा काय आणणार", मग शेजारची काकू आत डोकावते. माझ्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं, तीही स्पीकरवरच, सगळे माझ्या तोंडाकडं बघत. त्या दोन मिनिटांत मी काय सांगणार आणि काय लपवणार? "जेवला काय?" "जेवलो." "बरं."

तीन वर्षांपूर्वी पोरीच्या शाळेचं कारण काढून बेळगावात खोली घेतली. गावात काय काय बोललं गेलं ते मला माहीत आहे. पण आता फोन माझ्या हातात असतो. सांगते मी त्याला. पोरीचा डेंग्यू सांगितला, माझी कंबर सांगितली, सासऱ्यांचा बीपी सांगितला. कुठली गोळी छपरातून गेली नाही. गावाला दर रविवारी जाते. जून २०२३ पासून इकडं बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून भाड्याचंही निमित्त उरलेलं नाही.

कडोलीचा धाकटा

वैनी, रविवारी येऊन जाणं आणि सोमवारी पहाटे पाच वाजता धार काढणं ह्यात फरक आहे एवढंच म्हणतो. पगार दिसतो, हात दिसत नाहीत.

कॅम्पातली खोली

मान्य. पण त्या हातांचे पैसे दर महिन्याला माझ्या नवऱ्याच्या खात्यातून गावाला जातात, तेही दिसू देत की.

चंदगडची

तुमी भांडा. आमचा गाव महाराष्ट्रात, मिलिट्रीचं कॅन्टीन बेळगावात, नवरा तिसरीकडंच. मी सांगायचं की लपवायचं ह्यावर कवा विचारच केला न्हाई, कारण ओटीपी सगळं सांगतोय. गॅसवाला दारात सिलिंडर घेऊन हुबा, "वैनी नंबर सांगा." नंबर गेलाय त्याच्या मोबाईलवर, त्यो वर डोंगरात बंद. गॅसवाला सिलिंडर परत घेऊन गेला, मी चार दिवस चुलीवर. पाचव्या दिवशी त्याचा फोन लागला, मेसेज सगळे एकदम आले आणि पहिला प्रश्न काय, "दवाखान्याचे साडेचार हजार कुनाचे कापलेत?" पोराचा हात मोडलेला, त्याचं प्लास्टर. बँकेनं आधी सांगितलं, मी मागनं.

आता नंबर बदलून घेतलाय. गॅस, बँक, सगळं माझ्या नावच्या सिमवर. रजेवर आलं की पयला तेवढं करून घ्या बायांनो, यात्रा-बित्रा नंतर.

फौजीचा पोरगा

माझे वडील रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आम्हा पोरांना कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

चौथीत होतो. आईला टायफॉइड झाला, मावशी येऊन राहिली. मला शिकवलं होतं, पप्पांनी विचारलं तर आई अंघोळीला गेलीय म्हणायचं. मी दोन आठवडे आईला अंघोळ घातली फोनवरून. इतका सराईत झालो की पुढं गणितात नापास झालो तेही त्याच सुरात सांगितलं, "मार्क अजून लागले नाहीत." मार्च ते जून मार्क लागले नाहीत. वडील आता घरीच असतात. अजूनही त्यांनी काही विचारलं की तोंडातून आधी "सगळं बरं आहे" येतं, मग खरं काय ते.

सध्या सुट्टीवर

नोकरीत आहे, उद्या परवा परत. थोडक्यात लिहितो.

पहिलं म्हणजे आम्हाला कळतं. आवाजावरून कळतं. तुम्ही "बाकी काय विशेष?" दोनदा विचारलंत की समजायचं, काहीतरी शिजतंय. न सांगितल्यामुळं मन शांत राहतं हा गैरसमज आहे. रात्रीच्या ड्युटीला माणूस मोकळाच असतो, तो आपल्या मनानं त्याहून भयंकर रचतो. मी एकदा आईला मारून टाकलं होतं मनात, तिला नुसता मोतीबिंदू झाला होता.

दुसरं, काकांचंही चूक नाही. एकट्या माणसाला पोस्टवर अशी बातमी थेट फोनवर देऊ नका. युनिटचा नंबर घरात कागदावर लिहून ठेवा, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोठी गोष्ट असेल तर तिथं कळवा. सिनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) किंवा सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) त्याला बोलावतात, बसवतात, चहा देतात, मग सांगतात. तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागलेला असतो. रजेची हालचालही तिथूनच सुरू होते. दवाखान्याचा कागद व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तार-बिर संशय नको.

तिसरं, रजा वर्षाला ६० दिवसांची आणि वर ३० कॅज्युअल, पण पोस्टवरून खाली येऊन, ट्रान्झिट कॅम्पात नंबर लागून, दिल्लीहून गोवा एक्सप्रेसनं बेळगावला उतरेपर्यंत चार-पाच दिवस सहज जातात. म्हणजे बातमी जितकी उशिरा, तितका तो आणखी उशिरा.

कॅम्पातली खोली

आणि तुम्ही लोक लपवता त्याचं काय? मे २०२५ मध्ये, ७ तारखेच्या रात्रीपासून १० च्या संध्याकाळपर्यंत माझ्या नवऱ्याचा फोन बंद. टीव्हीवर निवेदक असे ओरडत होते की जणू आमच्या माळावरच बॉम्ब पडतोय. सासूबाईंनी शेवटी केबलची वायर उपटून ठेवली आणि माझ्याकडं राहायला आल्या. मिलिट्री महादेवाला दोघी रोज चालत जाऊन आलो, वाटेत एक शब्द नाही. ११ ला फोन आला. काय म्हणाला? "निवांत होतो. इकडं आंबे मिळत नाहीत, तिकडं काय भाव?" आंबे!

सध्या सुट्टीवर

वैनी, ते सांगता येत नाही, ते आमच्या हातात नाही. आंब्याचा भाव मात्र खरंच जाणून घ्यायचा असतो.

खानापूरची सून

युनिटच्या नंबराचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली. काल नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दिला होता की आईकडं." सासूबाईंच्या पिशवीत निघाला, रेशन कार्डात घडी घालून ठेवलेला, जुना, दोन आकडे पुसलेले.

काका, तुम्ही गप्प झालात. काकूंना विचारलंत का कधी, त्यांनी २४ वर्षांत काय काय झाकून ठेवलं?

माजी हवालदार

गप्प नाही झालो, भात पसरायला गेलो होतो.

विचारलं काल. तिनं आधी हसण्यावारी नेलं. मग तांदूळ निवडता निवडता एकेक सांगत गेली. गाय गेलेली मला माहीत होती. माझी आई शेवटचं वर्षभर मला ओळखत नव्हती, मी पाठवलेली पत्रं ही तिला वाचून दाखवायची आणि उत्तरं मनानं लिहायची, "आईनं आशीर्वाद सांगितलाय" म्हणून. ती इनलँडं मी अजून ट्रंकेत जपून ठेवलीत. मी म्हटलं, कधी बोलली नाहीस? तर म्हणते, "तुम्ही रजेवर आलात की विचारायचा, पीक किती झालं. ते सांगत होतो की."

तरी माझं मत मी बदललेलं नाही. सध्या सुट्टीवर ह्यांचं युनिटला कळवायचं ते बरोबर आहे, ते मानतो. पण ते पक्क्या नोकरीवाल्याला. माझा पुतण्या अग्निवीर आहे. त्यांना वर्षाला रजा ३० दिवस, नोकरी चार वर्षांची, आणि शेवटी शंभरातले पंचवीसच ठेवणार. पोरगं रजा मागायलाच घाबरतं. त्याच्या आईला शुगर निघालीय, पायाची जखम भरत नाही, डॉक्टर बोट काढायचं म्हणताहेत. वहिनीनं मला शपथ घातलीय.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो, माझ्याच मोबाईलवर. परवा रविवार आहे.