पोषण-संशोधनात जायचंय: मुलांची मापं स्वतः घ्यायला शिकायला हवं का?

पाटीपेन्सिल:
अर्थशास्त्रात एम.ए. झालंय. बालपोषण आणि गरिबी यावर पीएच.डी. करायची आहे. एनएफएचएसचा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) डेटा स्टाटामध्ये (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) चालवता येतो. ज्या सरांकडे नाव नोंदवायचंय ते म्हणतात, आधी सहा महिने गावात मापं घे, मग बोलू. उंची-वजन कुणीही पगारी माणूस घेईल, त्यात सहा महिने का घालवायचे? आणि खुजेपणाचा (वयाच्या मानाने उंची कमी असणं) पुढच्या कमाईवर परिणाम दाखवायला एनएफएचएस पुरेल का?

मोजपट्टी:
सर बरोबर सांगताहेत. डब्ल्यूएचओच्या मानकांत दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यक लांबी ८७.८ सेंमी आणि प्रमाण विचलन (मुलामुलांतल्या फरकाचा पसारा) जेमतेम ३ सेंमी. म्हणजे गुडघा वाकलेला राहून १ सेंमी चुकलं की झेड-स्कोर (मूल मध्यकापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) ०.३३ ने घसरला. मूल उणे २ च्या आसपास असेल तर तेवढ्यावर ते 'खुजं' ठरतं.

दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं, वरच्याला उभं करून. लहान मूल उभंच मोजलं गेलं असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे. मोठं मूल झोपवून मोजलं तर तेवढेच वजा. लांबीच्या पाटाला माणसं दोन लागतात: एक डोकं स्थिर फळीला टेकवून नजर सरळ वर ठेवतो, दुसरा गुडघे दाबून सरकती फळी दोन्ही तळव्यांना लावतो. एकच पाय टेकवून आकडा घेणं ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे डोक्यावरचा बुचडा न सोडणं.

वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो, खाली फळी घाला. आईला उभं करून काटा शून्यावर आणायचा, मग मूल तिच्या हातात द्यायचं. वाळे, कमरेची साखळी आधी काढा. रोज सकाळी ५ किलोचं वजन ठेवून काटा तपासा.

सगळ्यात जास्त घोळ मात्र वयात होतो. या वयात मूल महिन्याला साधारण ०.९ सेंमी वाढतं. आई म्हणाली 'दोन वर्षांचा', तुम्ही २४ महिने लिहिलेत, आणि मूल निघालं २२ चं, तर झेड-स्कोर ०.६ ने चुकला. जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्या. कार्ड नसेल तर गावच्या जत्रा, पोळा, पेरणी यांचं कॅलेंडर आधी बनवून ठेवा आणि त्यावरून महिना ठरवा. वय दिवसांत काढून ३०.४३७५ ने भागा, पूर्ण महिन्यांवर गोल करू नका.

आकडेमोड:
स्टाटावाल्यांसाठी जोडतो. मापक (मापं घेणारा माणूस) फक्त ढिला असेल, एका बाजूला झुकलेला नसेल, तर सरासरी हलत नाही पण पसारा वाढतो. सरासरी झेड उणे १.३ धरा. प्रमाण विचलन १ असेल तर उणे २ च्या खाली २४ टक्के मुलं येतात, १.४ झालं की ३१ टक्के. सात टक्के कुपोषण नुसत्या ढिलाईने पैदा झालं! म्हणून टक्केवारीच्या आधी विचलन बघा. मग उंचीचा शेवटचा अंक: ० आणि ५ मिळून २० टक्के असायला हवेत. ४० आले तर मापक नजरेने गोल करतोय. हे सगळं मापकागणिक वेगळं काढा, एकत्र काढलं की दोषी सापडत नाही.

काम सुरू व्हायच्या आधी प्रमाणीकरण: दहा मुलं, प्रत्येक मापक प्रत्येक मूल दोनदा मोजतो, पहिला आकडा झाकून. डब्ल्यूएचओच्या ज्या सहा देशांच्या अभ्यासावरून २००६ ची वाढ-मानकं आली (त्यात दक्षिण दिल्लीही होती), तिथे दोन मापकांच्या लांबीत ७ मिमीपेक्षा आणि वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर मूल पुन्हा मोजायचे.

पाटीपेन्सिल:
पटलं. कमाईचं काय?

नाचणीसत्त्व:
एनएफएचएसने ते होणार नाही. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) दिसतात, पण ती एका दिवसाची मोजणी. तीच मुलं पुढच्या फेरीत भेटत नाहीत. शिवाय त्यात उत्पन्न किंवा खर्च नाही. घर, नळ, टीव्ही, मोटारसायकल अशा गोष्टींवरून काढलेला संपत्ती निर्देशांक आहे.

कमाईसाठी ग्वातेमालातला इन्काप या पोषण-संस्थेचा प्रयोग मुळापासून समजून घ्या. १९६९ ते ७७, चार गावं. दोन गावांतल्या मुलांना आतोले हे पौष्टिक पेय: १८० मिलीच्या कपात १६३ किलोकॅलरी, ११.५ ग्रॅम प्रथिनं. उरलेल्या दोनांत फ्रेस्को हे साधं गोड पेय: ५९ किलोकॅलरी, प्रथिनं शून्य. २००२-०४ मध्ये हीच मुलं मोठी झाल्यावर शोधली. पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी ४६ टक्के जास्त निघाली. बायकांत तसा फरक दिसला नाही, हे सांगायला लोक विसरतात. आणि पेय गावागणिक दिलं होतं, मुलागणिक नाही. चारच गावं असताना प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) किती धरायची हा वाद तुमच्या परीक्षकाला ठाऊक असणारच.

स्वतः काम करायला यंग लाइव्हज या, तीच मुलं वर्षानुवर्षं पाहणाऱ्या अभ्यासाचा डेटा घ्या: २००२ पासून इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश, सुमारे १२,००० मुलं, प्रत्येकाची पुन्हापुन्हा मोजलेली उंची आणि घरखर्चही.

दंडघेर:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, दंडघेर (दंडाचा घेर) ११५ मिमीच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला (म्हणजे सूज), तर ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. नुसता आकडा लिहून पुढच्या घरी जाता येत नाही. सूज असेल तर उंचीनुसार वजनाचा झेड-स्कोर काढूच नका, पाण्याचं वजन त्यात असतं. भूक चाचणीत (समोर दिलेलं अन्न मूल खातं का ते पाहणं) नापास, सूज किंवा आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. नाहीतर गावातलं ग्राम बाल विकास केंद्र. केंद्रात आईला मुलासोबत मुक्काम करावा लागतो, भात लावणीत ती येत नाही. गाडीभाडं आणि तिची बुडीत मजुरी कोण देणार, हे नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच अंदाजपत्रकात लिहा.