शब्दचर्चा : विसण की इसन?

मास्तरीणबाई : अकरावीला ‘ऊष्मीय समतोल’ (गरम-थंड एकत्र येऊन तापमान सारखं होणं) फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, म्हंजे इसन घालनं!” वर्ग हसला, मला मात्र उत्तर आवडलं. प्रमाण मराठीत हा शब्द ‘विसण’. तुमच्याकडे नेमका अर्थ काय? ओतायचं थंड पाणी, की ओतून झालेलं कोमट?

पऱ्हाटी : दर्यापूरकडं इसन म्हंजे थंड पानीच. चुलीवरचं कढत पानी गंगाळात घेतलं का माय वरडे, “इसन घाल बे, आंग भाजन!” कोमट झालं का ते इसनलेलं पानी.

घाटावरची : बुलढाण्यात आमच्या घरी ‘व’ शाबूत आहे. अर्थ तोच.

आकडेमोड्या : 70 अंशांचं 10 लिटर पाणी, विसण 25 अंशांचं 15 लिटर. गंगाळानं खाल्लेली उष्णता सोडा, पाणी 43 वर येतं. गरम पाण्यानं 10 × 27 म्हणजे 270 किलोकॅलरी दिल्या, विसणानं 15 × 18 म्हणजे तेवढ्याच घेतल्या. ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राचा, पहिला नियम: ऊर्जा कुठे हरवत नाही.

पऱ्हाटी : हरवत नाई तं मंग ते कढत पानी वापस काऊन नाई भेटत? पुन्हा पऱ्हाट्या जाळाच लागतात ना!

मास्तरीणबाई : हा प्रश्न दुसऱ्या नियमाचा. 270 गंगाळातच आहेत, पण 43 चं पाणी आपणहून 70 आणि 25 असं वेगळं होत नाही. या एकतर्फीपणाच्या मापासाठीच क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानं 1865 मध्ये ‘एन्ट्रॉपी’ शब्द घडवला, पालट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि मुद्दाम ‘एनर्जी’शी जुळेल असा. त्याचं ‘अव्यवस्था’ हे मराठी मला खटकतं. इसनलेलं पाणी तर सगळीकडे सारखं, त्यात पसारा कुठे दिसतो? ‘इसनलेपण’ म्हटलं तर पोरांना लगेच कळेल. (परीक्षेत लिहू नका रे.)

घाटावरची : आणि ‘शून्यावा नियम’? मराठीत शून्यावा काही असतं का?

आकडेमोड्या : पहिले दोन रूढ झाल्यावर तो नावारूपाला आला, पण पाया त्याचा, म्हणून क्रमांक त्यांच्या आधीचा. तो सांगतो, दोन वस्तू तिसरीशी ऊष्मीय समतोलात असल्या तर एकमेकींशीही असतात. तापमापक चालतो तो त्याच्याच भरवशावर. हाताचा भरवसा नाही. गारठलेला हात बुडवा, कोमट पाणीही चटका देतं.

पऱ्हाटी : ते सारं ठीक हाये. पन मे मैन्यात टाकीतलंच पानी कढत येते, तवा इसन आनाचं कुठून?