मदत हवी आहे : काटेसावरीची फुलं कोण कुरतडतंय, खारीची पिल्लं की पोपट?

पुणे, दुसऱ्या मजल्याची गॅलरी. काटेसावर १२ मीटरवर, दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी). सकाळी सात ते साडेआठ पाच पट्ट्यांच्या खारीची दोन पिल्लं (आईच्या पाऊणपट, शेपूट अजून बारीक) फुलात तोंड खुपसतात. मिशांना पराग चिकटतात, म्हणजे मध पीत असावीत. पण खाली पडलेली दहा-बारा फुलं उचलून पाहिली तर पाकळ्या शाबूत, पुष्पकोशाला (फुलाच्या तळाच्या जाड पेल्याला) बाजूने भोक, आतला अंडाशय गायब! त्याच वेळी झाडावर पोपटही असतात, मैनांचा दंगा वेगळाच. मोबाइलने चित्रण केलं, झूममध्ये सगळं फुटतं. दाणे ठेवून त्यांना जवळ बोलवायचं नाहीये. फक्त भोकाच्या कडेवरून दात की चोच, हे कसं ओळखायचं?